लिव्हर कॅन्सरच्या रुग्णाला चक्कर येते तेव्हा: आधी कान नाही, आधी शौच, साखर आणि रक्तदाब

घरातलं माणूस सकाळी उठून बसतं, हात कपाळाला लावतं आणि म्हणतं, ‘चक्कर येतेय.’ कोणी तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चकरेची गोळी आणतं. निरोगी माणसाला ही गोळी बहुतेक वेळा चालून जाते. यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाला ती महागात पडू शकते, कारण त्याची चक्कर बहुधा कानातून आलेली नसते. हा कर्करोग बहुतांश वेळा आधीच सिरॉसिस झालेल्या, म्हणजे आक्रसून गाठाळलेल्या यकृतात होतो. त्यामुळे रुग्णाचे खरं तर दोन आजार चालू असतात, एक गाठीचा आणि एक थकलेल्या यकृताचा. चक्कर, गुंगी, तोल जाणं या तक्रारी दुसऱ्या आजारातून जास्त येतात.

हा लेख घरी सांभाळ करणाऱ्यांसाठी आहे. डोस दिले आहेत ते डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून. आपल्या मनाने औषध सुरू करण्यासाठी ते नाहीत.

‘चक्कर’ म्हणजे नेमकं काय, हे आधी विचारा

मराठीत चक्कर हा एकच शब्द चार-पाच वेगळ्या गोष्टींना चिकटवला जातो. रुग्णाला असं विचारा: घर गोल फिरतंय, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? चालताना झोकांड्या जातात, पण बसल्यावर ठीक वाटतं का? की डोकं जड आहे, झापड येते, सुचत नाही?

गोल फिरणं हे कान किंवा लहान मेंदूचं लक्षण आहे. अंधारी येणं रक्तदाबाचं, रक्त कमी असल्याचं किंवा साखर उतरल्याचं असतं. झोकांड्या पायांच्या नसा, लहान मेंदू किंवा पाठीच्या कण्यातून येतात. झापड आणि न सुचणं बहुतेक वेळा यकृतातून येतं. रुग्णाला फरक सांगता आला नाही, किंवा तो प्रत्येक प्रश्नाला ‘हो, हो’ म्हणत राहिला, तर तेही एक उत्तरच आहे. तो गोंधळलेला असू शकतो.

आधी धोक्याच्या खुणा

पुढचं काहीही दिसलं तर घरच्या तपासण्यांत वेळ घालवू नका. महाराष्ट्रात १०८ लावा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात न्या.

- रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच
- अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं
- झटका येणं
- हाक मारून, हलवूनही जागा न होणं
- चक्कर सतत चालू आहे आणि रुग्ण आधाराशिवाय बसूही शकत नाही
- पडल्यानंतर डोक्याला मार, जखम दिसत नसली तरीही
- पायांतली ताकद झपाट्याने जाणं, लघवी अडणं, सोबत पाठदुखी
- ताप किंवा पोटदुखी आणि सोबत गोंधळ

लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती घट्ट आणि हिरवट काळी असते. रक्ताची काळी शौच भांड्याला चिकटते आणि तिचा वास घरभर पसरतो. शंका असेल तर रक्तच आहे असं धरून चला.

पहिली दहा मिनिटं

रुग्णाला कुशीवर किंवा पाठीवर आडवं करा. त्यानंतर याच क्रमाने पुढे जा.

आधी ग्लुकोमीटरने साखर बघा. यात एक मिनिट जातं आणि चुकीची साखर लगेच दुरुस्त करता येते. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि रुग्ण नीट गिळू शकत असेल, तर तीन छोटे चमचे साखर (सुमारे १५ ग्रॅम) अर्ध्या कप पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्या. वर आली की लगेच पोळी-दूध किंवा भात-वरण असं काही तरी खायला घाला, नाही तर ती पुन्हा उतरते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर किंवा मध कोंबू नका, ते फुप्फुसात जातं.

मग रक्तदाब. यंत्र घरात असतं, पण मोजण्याची पद्धत चुकते. पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. उभं राहताना दुसरा माणूस शेजारी हवा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर चकरेचं कारण सापडलं असं समजायला हरकत नाही. बसून एकदाच मोजलेला रक्तदाब अशा रुग्णात फसवतो.

तिसरा प्रश्न शौचाचा: शेवटची कधी झाली, किती वेळा, कोणत्या रंगाची? रुग्ण लाजतात किंवा विसरतात. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज आकडा लिहायची सवय लावा.

शेवटी हात आणि डोकं. ते कसं तपासायचं, ते पुढे येईल.

रक्तदाब का घसरतो

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून या रुग्णांना प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल दिलेलं असतं. पोटातलं पाणी कमी करायला स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड असतं. दोन्ही गट रक्तदाब उतरवतात. त्यात जुलाब झाले, जेवण कमी झालं, उन्हाळा लागला की तोल बिघडतो. वरचा आकडा ९० च्या खाली आला तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बहुतेक वेळा ते डोस कमी करतात किंवा काही दिवस थांबवतात. मात्र स्वतःहून कायमची बंद करू नका, प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलवर शिरांचं रक्षण अवलंबून आहे.

एक गोष्ट डॉक्टरांच्याही नजरेतून कधी कधी सुटते. एरवी शरीरात रक्तस्राव झाला की नाडी जोरात धावू लागते. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल घेणाऱ्याची नाडी तशी वाढत नाही. म्हणून ‘नाडी ७० आहे, मग काळजी नको’ असं म्हणता येत नाही. कॅज्युअल्टीत पोचल्यावर हे औषध चालू असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा.

लघवीच्या गोळ्यांचा डोस जास्त होतोय का, हे वजनकाटा सांगतो. रोज सकाळी लघवी करून, न खाता, त्याच कपड्यांत वजन करा. पायांना सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त घट नको. सूज असेल तर एक किलोपर्यंत चालते.

पोटातलं पाणी सुईने काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चक्कर आली, तर किती लिटर काढलं आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) दिलं होतं का, हे बघा. पाच लिटरपेक्षा जास्त काढलं तर प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणजे आठ लिटरला अडीच ते तीन बाटल्या लागतात. बाटली महाग असते, म्हणून ‘या वेळी नको’ असं नातेवाईकच सुचवतात. त्याने रक्तदाब पडतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पैशाची अडचण असेल तर ती आधी बोला, म्हणजे डॉक्टर एका वेळी कमी पाणी काढतील.

साखर: मधुमेह नसतानाही

रात्री आपण झोपलो की यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनमधून साखर सोडत राहतं. सिरॉसिसमध्ये हा साठा इतका कमी असतो की एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा लागू पडतो. गाठ खूप मोठी असेल तर कधी कधी ती स्वतः इन्सुलिनसारखं काम करणारं द्रव्य सोडते आणि पहाटे साखर कोसळते. घाम न येता नुसतं बरळणं, विचित्र वागणं असंही हे दिसतं आणि घरचे त्याला भ्रम म्हणतात. सलग दोन-तीन दिवस पहाटे तीनला आणि सकाळी उठल्यावर साखर मोजा. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर उतरली असेल तर ती दिवसभरात पुन्हा पुन्हा उतरते. एकदा साखर-पाणी देऊन निर्धास्त होऊ नका, रुग्णालयात न्या.

उपाय साधा आहे आणि तो डॉक्टर लिहून देतातच असं नाही. झोपण्यापूर्वी ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जायला हवीत. एक मध्यम भाकरी आणि कपभर दूध, किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू आणि एक केळं. दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं नको. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, सगळे उपास बंद. देवाला चालतं का हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सोडवलेला बरा, कारण रुग्ण बहुतेक वेळा त्यांचंच ऐकतो.

यकृतातून येणारी गुंगी

आतड्यात तयार होणारा अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं यकृत गाळतं. यकृत थकलं, किंवा रक्त त्याला वळसा घालून आडवाटेने गेलं, की ही द्रव्यं मेंदूपर्यंत पोचतात. याला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. रुग्ण ‘चक्कर’ म्हणतो त्यामागे बऱ्याचदा हीच असते.

ती सहसा अचानक बेशुद्धीने सुरू होत नाही. आधी झोप उलटते. दिवसा पेंग येते आणि रात्री डोळा लागत नाही. मग चिडचिड, एकच गोष्ट पुन्हा विचारणं, सदऱ्याची बटणं चुकणं, मोबाइलवर पिन चुकीचा टाकणं. दुसऱ्या पायरीला वार-तारीख कळत नाही, हात फडफडतात, वागणं सैल होतं. तिसऱ्या पायरीला सतत झोपाळू, आपण कुठे आहोत हे न कळणारा. चौथी पायरी म्हणजे कोमा. पहिल्या पायरीला ओळखलं तर गोष्ट बऱ्याचदा घरच्या घरी, फोनवरच्या सल्ल्याने आवरते. तिसऱ्या पायरीला आयसीयू लागतं.

घरी तीन चाचण्या करता येतात. रुग्ण ठीक असेल अशा एखाद्या दिवशी त्या एकदा करून ठेवा, म्हणजे नंतर तुलना होईल.

हाताची चाचणी: दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगा, मनगटं वर वळवून, बोटं पसरून, समोरून येणारी गाडी थांबवतो तसं. तीस सेकंद बघा. हात मधेच पडतात आणि पुन्हा वर येतात, पक्ष्याने पंख झटकावा तसे, तर ती खूण आहे. बारीक थरथर वेगळी.

प्राण्यांची चाचणी: एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायची. गाय, म्हैस, मांजर, काहीही. पंधराच्या वर गेला तर ठीक, दहाच्या खाली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. मधला आकडा आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. मधेच सुचवू नका. नातवंडं हमखास सुचवतात.

सहीची चाचणी: रोज एका वहीत तारीख घालून सही. अक्षर बिघडत गेलेलं आठवड्याभरात नजरेला दिसतं, आणि डॉक्टरांना दाखवायला यासारखा पुरावा नाही.

गुंगी आली की ती का आली, हे शोधायचं. बद्धकोष्ठ, जुलाब किंवा जास्त लघवीने पाणी कमी होणं, पोटात रक्तस्राव (रक्त हे आतड्याला प्रथिनच, त्यातून अमोनिया होतो), पोटातल्या पाण्याला संसर्ग, पोटॅशियम किंवा सोडियम उतरणं, झोपेची गोळी. यांतलं एक तरी जवळजवळ नेहमी सापडतं. संसर्ग ताप न येताही असतो. म्हणून पोटात पाणी असलेल्या आणि गोंधळलेल्या रुग्णाचं थोडं पाणी सुईने काढून तपासायला हवं. त्यात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी घन मिलिमीटरमागे २५० किंवा जास्त निघाल्या तर अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू होतं. ही तपासणी ‘उद्या बघू’ वर ढकलू देऊ नका.

लॅक्ट्युलोज: सगळ्यात जास्त चुकणारं औषध

हे पोट साफ करायचं औषध आहे असं सगळ्यांना वाटतं. म्हणून पोट साफ होऊ लागलं की घरचे बंद करतात, आणि पाच-सहा दिवसांनी रुग्ण पुन्हा गुंगीत. लॅक्ट्युलोज आतड्यात आम्लता वाढवून अमोनिया रक्तात शिरू देत नाही आणि तो बाहेर घालवतं. ते रोज, बहुधा कायम घ्यायचं असतं.

नेहमीची सुरुवात १५ ते ३० मिलिलिटर, दिवसातून दोन-तीनदा. पण खरा डोस मिलिलिटरमध्ये नसतो, शौचाच्या संख्येत असतो. दिवसाला दोन ते तीन, मऊ, अर्धवट घट्ट. एकच झाली तर पुढचा डोस वाढवायचा. चारच्या वर पातळ झाल्या तर एक डोस गाळायचा आणि डॉक्टरांना सांगायचं. अति लॅक्ट्युलोजने पाणी जातं, सोडियम-पोटॅशियम बिघडतं आणि ज्या गुंगीसाठी ते दिलं तीच परत येते. चोवीस तासांत एकदाही शौच झाली नाही तर ती आणीबाणीची पहिली पायरी समजून फोन करा.

चव इतकी गोड असते की मळमळतं. पाण्यात किंवा लिंबाच्या पाण्यात मिसळून, थंड करून द्या. पहिला आठवडा पोट फुगतं, वायू सरतो, मग कमी होतं. मोजायला झाकण किंवा मापाचा कप वापरा. ‘दोन चमचे’ हे माप प्रत्येक घरात वेगळं असतं. रुग्ण पेंगलेला असेल तर तोंडाने पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. त्या अवस्थेत रुग्णालयात एनिमाने देतात.

गुंगी पुन्हा पुन्हा येत असेल तर रिफॅक्झिमिन (आतड्यातच काम करणारं अँटिबायोटिक) ५५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जोडतात. ते लॅक्ट्युलोजच्या जागी नसतं, सोबत असतं.

डाळ बंद करू नका

‘प्रथिनं म्हणजे अमोनिया, म्हणून वरण-दूध बंद’ हा जुना सल्ला अजून फिरतो. तो चुकीचा आहे. यकृत थकलं की अमोनिया निपटायचं बरंचसं काम स्नायू करतात. प्रथिनं तोडली की स्नायू झिजतात, अमोनिया वाढतो आणि रुग्ण तोल जाऊन पडतोही. गरज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम.

हा आकडा वरण-भाताने गाठत नाही. वाटीभर घट्ट वरणात सात-आठ ग्रॅम, एका अंड्यात सहा, कपभर दुधात सहा-सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, आणि ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत पंचवीसच्या आसपास. दूध, दही, डाळी, सोया यांची प्रथिनं मटणापेक्षा सोसतात. सगळं एकदम नको, दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. सैंधव मीठही मीठच आहे, पापड-लोणच्यातलंही. मात्र बाजारातल्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याला ते धोक्याचं.

सोडियम १२० आलं म्हणून मीठ पाजू नका

रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ असावं. या रुग्णांत ते १३० च्या खाली गेलं की मळमळ, डोकं जड, चालताना अडखळणं सुरू होतं. गंमत अशी की बहुतेक वेळा शरीरात सोडियम कमी नसतं, पाणी जास्त झालेलं असतं. त्यामुळे मीठ-पाणी पाजून आकडा सुधारत नाही, पोटातलं पाणी मात्र वाढतं. १२५ च्या खाली डॉक्टर लघवीच्या गोळ्या थांबवतात आणि गरजेप्रमाणे पाणी दिवसाला एक-दीड लिटरवर आणतात.

आकडा वर आणण्याची घाईही वाईट. चोवीस तासांत आठपेक्षा जास्त चढवलं तर मेंदूच्या देठातल्या नसांचं आवरण निघू शकतं आणि माणूस बोलणं, गिळणं, हालचाल गमावतो. ‘दोन दिवस झाले, सोडियम अजून १२६च आहे’ म्हणून डॉक्टरांशी वाद घालणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात घ्यावं.

खरोखर घर फिरत असेल तर

अंथरुणात कूस बदलली, वर फळीकडे बघितलं, की काही सेकंद गरगरतं, मिनिटाच्या आत थांबतं, आणि मधल्या वेळात माणूस शुद्धीत, बोलण्यात पक्का. ही कानातल्या खड्यांची चक्कर आहे. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धगोल नळीत शिरतात. बराच काळ पडून राहणाऱ्या आणि हाडं ठिसूळ झालेल्या माणसांत ती जास्त दिसते. म्हणजे लिव्हरच्या रुग्णालाही ती होते आणि ती गोळीने नाही, डोकं ठराविक क्रमाने फिरवून बरी होते.

उजव्या कानाची पद्धत अशी: पाय लांब करून बसवायचं, मान उजवीकडे ४५ अंश, मग झटकन पाठीवर, डोकं थोडं मागे लोंबतं. तीस सेकंद किंवा गरगरणं थांबेपर्यंत. डोकं न उचलता डावीकडे ९० अंश. पुन्हा तीस सेकंद. मग संपूर्ण अंग डाव्या कुशीवर, नजर जमिनीकडे, तीस सेकंद. तिथूनच उठवून बसवायचं. पण पहिल्यांदा हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडेच करा. कोणता कान हे त्यांच्या तपासणीशिवाय कळत नाही. यकृताचा कर्करोग मणक्यांत पसरतो, आणि मानेच्या पोखरलेल्या मणक्याला झटका देणं घातक आहे. पोटात पाणी तुडुंब असेल तर डोकं खाली करून निजवणंही जमत नाही.

जेंटामायसिन किंवा अमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाल्यानंतर वेगळंच होतं. गरगरत नाही, पण चालताना समोरचं जग उड्या मारतं आणि अंधारात तोल जातो. हे आतल्या कानाचं नुकसान बऱ्याचदा कायमचं असतं. मूत्रपिंडांसाठीही ही औषधं वाईट, म्हणून सिरॉसिसमध्ये ती शक्यतो टाळतात.

मेंदू आणि कणा

यकृताचा कर्करोग मेंदूत क्वचित जातो, शंभरात एखाद-दोन रुग्णांत किंवा त्याहूनही कमी. पण गेला तर त्या गाठीतून रक्तस्राव होण्याकडे कल असतो, त्यामुळे पहिलं लक्षण अचानक डोकेदुखी, उलटी, लुळेपणा असं येतं.

त्याहून घरात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त. प्लेटलेट कमी, रक्त गोठायला वेळ, त्यामुळे साधा धक्का पुरतो. लक्षणं दोन-तीन आठवड्यांनी येतात आणि हुबेहूब यकृताच्या गुंगीसारखी दिसतात. म्हणून नियम असा: लॅक्ट्युलोजने शौच नीट होऊनही दोन दिवसांत डोकं ताळ्यावर येत नसेल, किंवा एकाच बाजूची कमजोरी असेल, तर मेंदूचा सीटी स्कॅन व्हायलाच हवा.

कण्याचं दुखणं रात्री आडवं झाल्यावर वाढतं. ‘पाय कापसाचे झाले’ असं रुग्ण म्हणाला की संपूर्ण कण्याचा एमआरआय त्याच दिवशी. चालता येत असताना उपचार सुरू झाले तर चालणं टिकण्याची शक्यता चांगली असते. एकदा पाय पूर्ण गेले की परत येणं अवघड.

दारूचा इतिहास असेल, उलट्या चालू असतील, जेवण आठवडाभर नसेल, आणि झोकांड्या, डोळ्यांची विचित्र हालचाल, गोंधळ दिसत असेल, तर थायमिनची (जीवनसत्त्व बी-१) कमतरता आठवायची. ग्लुकोजच्या सलाइनआधी किंवा सोबत थायमिनचं इंजेक्शन हवं. कॅज्युअल्टीत दारूची गोष्ट लपवू नका.

कर्करोगाच्या औषधांतून येणारी चक्कर

या कर्करोगासाठी अमेरिकेत २००७ मध्ये सोराफेनिबला, २०१८ मध्ये लेन्व्हाटिनिबला आणि २०२० मध्ये अटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब जोडीला मान्यता मिळाली. प्रत्येकाबरोबर चकरेचं एक नवं कारण आलं.

लेन्व्हाटिनिबने रक्तदाब वाढतो, तोही पहिल्या काही आठवड्यांतच. रोज मोजा. १६० किंवा १०० च्या वर राहिला तर त्याच दिवशी कळवा. तीव्र डोकेदुखी, नजर धूसर किंवा झटका यांतलं काहीही आलं तर मेंदूला सूज आली असण्याची शक्यता धरून पळा. हेच औषध थायरॉइड मंदावतं आणि गुंगीही आणतं. बेव्हासिझुमॅबने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून ते सुरू करण्याआधी एंडोस्कोपीने शिरा बघून घेतात.

इम्युनोथेरपीत (अटेझोलिझुमॅबसारखी, प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं) अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल) किंवा पियुषिका (मेंदूखालची पिट्युटरी) मंदावली तर प्रचंड थकवा, उठल्यावर अंधारी, सोडियम कमी, साखर कमी असं सगळं एकत्र येतं आणि प्रत्येक गोष्टीवर वेगळा इलाज चालू राहतो. सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसोल (अधिवृक्क ग्रंथीचं संप्रेरक) तपासणी हा गुंता सोडवते. हे शेवटच्या इंजेक्शननंतर काही महिन्यांनीही होऊ शकतं.

मेडिकलमधून आणू नयेत अशा गोळ्या

प्रोक्लोरपेराझिन ही चकरेची लोकप्रिय गोळी झोपवते आणि थकलेल्या यकृतात गुंगी ओढवू शकते. सिनॅरिझिनही झोप आणतं आणि दीर्घकाळ घेतलं तर हातापायांना कंप, ताठरपणा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांतली अर्धी गोळीही रुग्णाला दोन दिवस झोपवू शकते. रात्री झोप येत नाही म्हणून ती दिली जाते, आणि मूळ रोग होता तो गुंगीची सुरुवात! बेटाहिस्टिन त्या मानाने सौम्य, पण ते फक्त कानाच्या चकरेसाठी आहे, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तर.

उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन सर्रास घेतात. त्याने पोट बांधलं जातं, पोट बांधलं की अमोनिया चढतो. यकृत फारच थकलेलं असेल तर दिवसाला ८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि तेवढे दिवस शौचाचा आकडा अधिक काटेकोर लिहा. नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं प्रिगॅबालिन स्वतःच चक्कर आणतं. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड नको. पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत, डॉक्टरांना विचारून. मॉर्फिन दिलं असेल तर सोबत पोट साफ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून.

काढे, भस्मं, ‘लिव्हर टॉनिक’ यांचंही तसंच. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनीच केली होती.

पडू नये म्हणून

उठताना तीन टप्पे: कुशीवर, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसणं आणि घोटे वीस वेळा वर-खाली हलवणं, मग आधार धरून उभं राहणं. बाथरूममध्ये धरायला दांडा, खाली न घसरणारी चटई, आतून कडी नाही. भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना रक्तदाब पडतो, म्हणून कमोड किंवा कमोडची खुर्ची. लघवीची गोळी दुपारनंतर नको, म्हणजे रात्री अंधारात उठावं लागणार नाही. पाय पुसण्याचे सैल तुकडे आणि सपाता काढून टाका. गुंगी एकदाही येऊन गेली असेल तर स्कूटर आणि गाडीची किल्ली घरच्यांकडे, आणि गॅसजवळ एकट्याने नको.

रुग्णालयात जाताना

फाइलमध्ये वर एक कागद हवा: चालू औषधं डोससकट, शेवटचं केमो किंवा इम्युनोथेरपी कधी, पोटातलं पाणी कधी आणि किती काढलं, शेवटचे सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी), प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी). शौचाचं कॅलेंडर आणि सहीची वही सोबत घ्या. पहिल्या तासात साखर, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्राम, आयएनआर आणि कॅल्शियम व्हायला हवं. कॅल्शियम विसरलं जातं. या कर्करोगात ते कधी कधी वाढतं आणि तहान, बद्धकोष्ठ, गोंधळ आणतं.

अमोनियाच्या तपासणीवर फार भरवसा नको. नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचला नाही तर आकडा खोटाच वाढतो. नुसता वाढलेला अमोनिया म्हणजे गुंगी असं होत नाही. मात्र गोंधळलेल्या रुग्णाचा अमोनिया नॉर्मल आला, तर डॉक्टरांना विचारा: मग कारण दुसरं काय असेल, आणि सीटी स्कॅन कधी करणार?